जर्मन ताळेबंदाचं इंग्रजी: नेमकं कोणाचं इंग्रजी?

मुळामुठा

जर्मन हिशेब आणि करांचे कागद इंग्रजीत आणण्याचं काम करणारे इथे बरेच जण आहेत. चाकणच्या पट्ट्यात जर्मन कारखाने आहेत, पुण्यात त्यांची हिशेबाची कामं करणारी कार्यालयं आहेत, आणि जर्मनीत नोकरीला गेलेल्या भाचे-पुतण्यांची करखात्याची पत्रंही "जरा बघून सांग ना" म्हणून व्हॉट्सॅपवर येतच असतात. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच मांडते. अमुक जर्मन शब्दाला इंग्रजी शब्द कोणता, हा प्रश्न अर्धाच आहे. वाचणार कोण हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर मिळत नाही. ब्रिटिश, अमेरिकन, आयएफआरएसचं (म्हणजे आंतरराष्ट्रीय हिशेबमानकांचं) आणि आपलं भारतीय, अशी हिशेबाची निदान चार इंग्रजी आहेत आणि त्यांत एकाच शब्दाचे अर्थ बदलतात.

र्‍यूकश्टेलुंग घ्या. एचजीबी ही जर्मन व्यापारसंहिता १ जानेवारी १९०० पासून लागू आहे. तिच्या कलम २४९ मध्ये हा शब्द येतो. देणं उभं राहणार याची पुरेशी खात्री आहे, पण रक्कम किंवा तारीख पक्की नाही, अशा देण्यासाठी केलेली तरतूद. वॉरंटीचे दावे, कोर्टात चालू असलेला खटला, कर्मचाऱ्यांच्या शिल्लक रजा. त्याच्यासारखाच दिसणारा शब्द र्‍यूकलागे. हा कलम २७२ मधला राखीव निधी, म्हणजे मालकांचा पैसा. पहिला देण्यांत, दुसरा स्वभांडवलात. जुन्या शब्दकोशांत दोन्हींपुढे "रिझर्व्ह" सापडतं. दोन्हींना रिझर्व्ह लिहिलं, की कर्ज देणाऱ्या बँकेला कंपनीचं भांडवल आहे त्यापेक्षा मोठं दिसतं.

इथपर्यंत कुठल्याही वर्गात शिकवतात. पण र्‍यूकश्टेलुंगला "प्रोव्हिजन" लिहिलं की काम संपलं का? लंडनच्या वाचकासाठी बहुतेक वेळा संपलं. अमेरिकन वाचकाला "प्रोव्हिजन फॉर इन्कम टॅक्सेस" म्हणजे नफा-तोटा पत्रकातला करखर्च वाटतो. ताळेबंदातल्या देण्याला तो "अ‍ॅक्रूड टॅक्सेस" म्हणेल. भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर "प्रोव्हिजन फॉर डाउटफुल डेट्स" येतं, जे येण्यांमधून वजा होतं. त्याला जर्मनमध्ये वेर्टबेरिष्टिगुंग हा निराळा शब्द आहे आणि तो र्‍यूकश्टेलुंगमध्ये मोडत नाही.

आयएफआरएसच्या वाचकाचीही पूर्ण सोय होत नाही. या वर्षी करायची राहिलेली दुरुस्ती पुढच्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत होणार असेल तर कलम २४९ प्रमाणे तिच्यासाठी र्‍यूकश्टेलुंग करावीच लागते. आयएएस ३७, म्हणजे आयएफआरएसमधलं तरतुदींचं मानक, त्याप्रमाणे तशी तरतूद करता येत नाही. शब्द तोच, आतला माल वेगळा. म्हणून मी भाषांतराच्या पहिल्याच पानावर एक ओळ टाकते: हे हिशेब एचजीबीनुसार आहेत, इंग्रजी संज्ञा आयएफआरएसच्या अर्थाने वाचू नयेत.

तुम्ही वाचक कसा ठरवता? आणि कोणते शब्द जर्मनच ठेवता?

खतावणी

मी भाषांतर करणारा नाही, वाचणारा आहे. पुण्यात सीए आहे. आमच्या काही अशिलांच्या जर्मनीत उपकंपन्या आहेत आणि तिकडचे कागद इंग्रजी होऊन माझ्याकडे येतात. तेव्हा वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

सगळ्यात जास्त घोळ "ऑडिट" या शब्दाने होतो. जर्मनमध्ये दोन गोष्टींना दोन स्वतंत्र शब्द आहेत. आबश्लुसप्र्यूफुंग म्हणजे वार्षिक हिशेबांचं वैधानिक लेखापरीक्षण. बेट्रीब्सप्र्यूफुंग, कायद्याच्या भाषेत आउसनप्र्यूफुंग, म्हणजे करखात्याचे अधिकारी मागच्या काही वर्षांचे हिशेब तपासतात ती तपासणी. दुसरीला इंग्रजीत सर्रास "टॅक्स ऑडिट" लिहितात. लंडन-न्यूयॉर्कला ते चालेल. आपल्याकडे टॅक्स ऑडिट म्हटलं की आयकर कायद्याप्रमाणे सीएने करून द्यायचं ऑडिट आठवतं. "मागच्या तीन वर्षांच्या टॅक्स ऑडिटचा आदेश आला आहे" हे वाक्य वाचून इथला संचालक विचारणार, ते दरवर्षी करायचं असतं ना, मग राहिलं कसं? वाक्याचं व्याकरण बरोबर, शब्द शब्दकोशातला, आणि अर्थ पूर्ण उलटा पोचला.

जर्मन सरकारच्या संकेतस्थळावर करसंहितेचं इंग्रजी भाषांतर आहे. त्यात आउसनप्र्यूफुंगला "एक्स्टर्नल ऑडिट" म्हटलंय. माझ्यासारख्याला त्यातून नेमकं वैधानिक लेखापरीक्षणच ऐकू येतं. भारतीय वाचकासाठी "एक्झामिनेशन बाय द टॅक्स ऑफिस" लिहा आणि शेजारी जर्मन शब्द ठेवा. लांब होतं, होऊ द्या.

व्यवसायांच्या नावांचंही तसंच. विर्टशाफ्ट्सप्र्यूफर ऑडिट करतो, श्टॉयरबेराटर करसल्लागार असतो. दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या, कायदे वेगळे. काहींकडे दोन्ही पात्रता असतात. पण "जर्मन सीए" हे दोघांपैकी कोणाचंच भाषांतर नाही.

नेकारकाठ

श्टुटगार्टमध्ये एका श्टॉयरबेराटरच्या कार्यालयात काम करते. आमच्याकडे पालक कंपनी परदेशात असलेल्या जीएमबीएच (जर्मन प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या म्हणा) बऱ्याच आहेत, त्यामुळे इंग्रजीत पत्रं लिहिणं रोजचंच.

जर्मन ठेवायचे शब्द विचारलेत. माझं पहिलं नाव गेवेर्बश्टॉयर. "ट्रेड टॅक्स" हे इंग्रजी आता रुळलंय, मीही तेच वापरते. पण "बिझनेस टॅक्स" किंवा "लोकल टॅक्स" लिहिलं की वाचकाला तो कंपनीकरच वाटतो किंवा घरपट्टीसारखं काहीतरी. हा कर गावाच्या नगरपालिकेला जातो आणि त्याची आकारणी दोन टप्प्यांत होते. ती समजल्याशिवाय नीट भाषांतर करता येत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

समजा जीएमबीएचचा गेवेर्बश्टॉयरसाठी धरलेला नफा १,००,००० युरो आहे. त्याला ३.५ टक्क्यांनी गुणायचं: ३,५०० युरो. हा मेसबेट्राग. तो फिनान्त्सआम्ट, म्हणजे करखात्याचं कार्यालय ठरवतं. मग गावाचा हेबझाट्स लावायचा. म्युनिकचा ४९० टक्के आहे: कर १७,१५० युरो. म्युनिकला लागूनच असलेल्या ग्र्युनवाल्डचा २४० टक्के: कर ८,४०० युरो. नफा तोच, गाव बदललं. हेबझाट्सला "टॅक्स रेट" लिहिलं तर वाचक ४९० टक्के कर बघून हादरतो. मी "म्युनिसिपल मल्टिप्लायर" लिहिते.

आता महत्त्वाचं. यात पत्रंही दोन येतात. मेसबेट्राग ठरवणारं पत्र फिनान्त्सआम्टकडून, आणि प्रत्यक्ष कर मागणारं पत्र नगरपालिकेकडून. बर्लिन-हांबुर्गसारखी शहरराज्यं सोडली तर सगळीकडे असंच. नफ्याचा आकडा चुकला असेल तर हरकत पहिल्या पत्राविरुद्ध, फिनान्त्सआम्टकडेच घ्यावी लागते, आणि मुदत एका महिन्याची. भाषांतरात दोन्ही पत्रांना "ट्रेड टॅक्स असेसमेंट" लिहिलं तर परदेशातला संचालक नगरपालिकेशी पत्रव्यवहार करत बसेल आणि तोवर महिना उलटून जाईल. पहिलं "नोटीस ऑफ ट्रेड टॅक्स बेस अमाउंट", दुसरं "ट्रेड टॅक्स असेसमेंट नोटीस". एवढा फरक पाळला तरी पुरे.

आणि आयनश्प्रुखला "अपील" नको. करसंहितेच्या इंग्रजी भाषांतरात "ऑब्जेक्शन" आहे, तेच योग्य. ही हरकत ज्या कार्यालयाने आदेश काढला त्याच्याकडेच जाते. कोर्टात जाणं ही नंतरची पायरी. शिवाय आयनश्प्रुख दिला म्हणून पैसे भरणं थांबत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. "अपील फाइल केलंय" एवढंच वाचून मुंबईतल्या मुख्य कार्यालयाने पैसे रोखून धरले तर दंडव्याज इकडे चढतं.

मुळामुठा

नेकारकाठ, दोन पत्रांचा मुद्दा मोलाचा आहे. हे शब्दसंग्रहात कधीच मिळत नाही, कारण शब्दसंग्रहात शब्द असतात, कार्यालयं नसतात.

जर्मन शब्द शेजारी ठेवण्याबद्दल: जर्मनीच्या दुहेरी करटाळणी करारांत कोणकोणत्या करांना करार लागू आहे ती यादी असते. तिच्या इंग्रजी मजकुरातही करांची जर्मन नावं आढळतात. दोन देशांच्या सरकारांना जी काळजी घ्यावीशी वाटते ती आपणही घ्यावी.

पहिलाच_हिवाळा

मी व्यवसायाने भाषांतरकार नाही, पण प्रश्न इथलाच आहे. बर्लिनला नोकरीला येऊन फार दिवस झाले नाहीत. पहिला श्टॉयरबेशाइड, म्हणजे करखात्याचं कर-आकारणीचं पत्र, आला. फोनमधल्या अ‍ॅपने त्याचं इंग्रजी केलं. त्यात लिहिलंय की माझ्या "अ‍ॅडव्हर्टायझिंग कॉस्ट्स" १,२३० युरो मान्य केल्या आहेत. मी कसलीच जाहिरात केलेली नाही. आणि दुसऱ्या एका पत्रात "यू आर सब्जेक्ट टु अनलिमिटेड टॅक्स" असं आलंय. कोणी सांगू शकेल का, उत्तर द्यायला हवं का?

नेकारकाठ

घाबरू नकोस, दोन्ही नेहमीचीच आहेत.

वेर्बुंग्सकोस्टन म्हणजे उत्पन्न मिळवण्यासाठी झालेला खर्च. कामावर जाण्या-येण्याचा खर्च, कामाची पुस्तकं, घरून काम करण्यासाठी घेतलेलं टेबल. वेर्बुंगचा आजचा रोजचा अर्थ जाहिरात असा आहे म्हणून यंत्र तिकडे जातं. इथे तो "एरवेर्बन", म्हणजे मिळवणं, या अर्थाच्या अंगाने आलाय. कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात "वेर्बकोस्टन" दिसलं तर ती मात्र खरोखरची जाहिरात. नोकरदारांना पावत्या न दाखवता वर्षाला १,२३० युरो आपोआप मिळतात, २०२३ पासून. त्याहून जास्त खर्च झाला असेल आणि दाखवला नसशील तर एका महिन्याच्या आत आयनश्प्रुख देऊ शकतोस. इंग्रजीत "इन्कम-रिलेटेड एक्स्पेन्सेस".

दुसरं "उनबेश्रेन्क्ट श्टॉयरफ्लिष्टिग". कर अमर्याद नाही, करपात्रतेची व्याप्ती अमर्याद आहे: जर्मनीत राहतोस म्हणून जगभरच्या उत्पन्नाचा विचार इथे होणार, अर्थात करारांच्या अधीन राहून. "रेसिडेंट टॅक्सपेयर" लिहिलं असतं तर तुझी झोप उडाली नसती. त्यासाठी काही उत्तर द्यायचं नाही. पण तुझं भारतात घरभाडं किंवा व्याज येत असेल तर या शब्दाकडे दुर्लक्ष करू नकोस.

खतावणी

याच श्टॉयरबेशाइडमधली उतरंड समजून घे, आपल्याकडच्या मंडळींना ती पटकन कळते. आयननामन म्हणजे नुसती जमा. त्यातून वेर्बुंग्सकोस्टन वजा केले की आयनक्युन्फ्ट, म्हणजे त्या प्रकारातलं निव्वळ उत्पन्न. जर्मन कायद्यात असे सात प्रकार आहेत, आपल्या आयकर कायद्यात पाच "हेड्स". सगळ्यांची बेरीज आणि थोड्या वजावटी करून गेझाम्टबेट्राग देर आयनक्युन्फ्ट, साधारण आपल्या "ग्रॉस टोटल इन्कम"च्या जागेवर. त्यातून विमा-देणग्यांसारख्या झोंडरआउसगाबन वगैरे गेल्या की आयनकोमन, आणि शेवटी ज्यावर कर बसतो ते त्सु फरश्टॉयरंडेस आयनकोमन.

अ‍ॅपने या सगळ्यांना "इन्कम" केलं असेल, हे मी पत्र न बघता सांगतो. पाच ओळी, पाच वेगळे आकडे, आणि सगळ्यांचं नाव इन्कम. मुळामुठा, इथे माझा आग्रह आहे की वाचक भारतीय असेल तर "ग्रॉस टोटल इन्कम" हाच शब्द सरळ वापरावा. कळतं.

मुळामुठा

खतावणीदादा, इथे मी सहमत नाही. समजावून सांगताना तुलना उत्तम आहे, पण भाषांतरात तो शब्द घातला की वाचक त्यामागचे आपले नियमही गृहीत धरतो. घरभाड्याच्या उत्पन्नातला तोटा किती वजा होतो, कोणता तोटा पुढे ओढता येतो, हे दोन्हीकडे सारखं नाही. उद्या तोच कागद परदेशातल्या कराचं क्रेडिट मागताना इथल्या अधिकाऱ्यासमोर जाईल. त्यालाही वाटेल की ही रक्कम आपल्या कायद्याच्या पद्धतीने काढली आहे. मी "टोटल नेट इन्कम फ्रॉम ऑल कॅटेगरीज" लिहीन आणि टीपेत तुमची तुलना देईन. अमेरिकन वाचकासाठी "अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम" लिहिण्याचा मोहही मी याच कारणाने टाळते.

खतावणी

अधिकाऱ्याचा मुद्दा मान्य. टीप मात्र नक्की हवी. टीपेशिवाय तुमचा शब्द बरोबर असूनही कोणाच्या उपयोगाचा नाही.

टी_कोड

सॅप या जर्मन हिशेब-सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांच्या वतीने. पुण्यात जे हजारो लोक रोज सॅपमध्ये बसतात ते जर्मन हिशेबाचे शब्द वापरतच असतात, फक्त त्यांना ते जर्मन आहेत हे कोणी सांगितलेलं नसतं. कागदपत्राच्या प्रत्येक ओळीवर एस किंवा एच अशी खूण असते. नवीन मुलं ती पाठ करतात. एस म्हणजे झोल, नावे; एच म्हणजे हाबन, जमा. केआर म्हणजे क्रेडिटोरनरेखनुंग, पुरवठादाराचं बिल. डीआर म्हणजे डेबिटोरनरेखनुंग, ग्राहकाचं. बीकेपीएफ हे तक्त्याचं नाव म्हणजे बेलेगकोप्फ, व्हाउचरचं डोकं. मी शिकवताना हे सांगतो तेव्हा मुलांचा पाठांतराचा भार एकदम उतरतो.

भाषांतराबद्दल माझी अडचण वेगळीच आहे: जागा. सॅपमध्ये खात्याचं छोटं नाव २० अक्षरांत बसवावं लागतं, मोठं ५० अक्षरांत. तुम्ही जे सुंदर लांब पर्याय देता ते तिथे मावत नाहीत. शिवाय जर्मनीतले बहुतेक छोटे-मध्यम उद्योग न्युर्नबेर्गच्या डाटेफ या हिशेब-सॉफ्टवेअर संस्थेच्या खातेयाद्या वापरतात, एसकेआर ०३ किंवा ०४. एकात बँक १२०० वर, दुसऱ्यात १८०० वर. १९ टक्के व्हॅटची विक्री एकात ८४००, दुसऱ्यात ४४००. नाव तोडावं लागलं तरी क्रमांक आणि कोणती यादी हे भाषांतरात ठेवाच. जर्मन हिशेबनीस क्रमांकावरून बोलतो, नावावरून नाही.

आमच्या कामात हमखास अडतं ते "झोल". जमाखर्चात नावे. बजेटच्या अहवालात झोल म्हणजे ठरवलेलं आणि इस्ट म्हणजे प्रत्यक्ष. आणि व्हॅटमध्ये झोल-फरश्टॉयरुंग! तिथे काय लिहायचं?

अक्षरवेल

टी_कोड, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. जमाखर्चातल्या झोलची जोडी हाबनशी, ते वेगळं; बजेट आणि व्हॅट या दोन्ही ठिकाणी मूळ कल्पना एकच: जे "असायला हवं" ते झोल, जे "आहे" ते इस्ट. झोल-फरश्टॉयरुंगमध्ये बिल केलेल्या, म्हणजे ठरलेल्या रकमेवर व्हॅट द्यावा लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. इस्टमध्ये पैसे हातात आल्यावर. त्यामुळे इंग्रजीत "अ‍ॅक्रुअल बेसिस" आणि "कॅश बेसिस" व्हॅट. "डेबिट टॅक्सेशन" असं चुकीचं भाषांतरही मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. छोट्या उद्योगांना इस्टची परवानगी मागता येते, त्याची उलाढालीची मर्यादा २०२४ पासून ८,००,००० युरो आहे.

मी जर्मन शिकवते, हिशेब नंतर शिकले. विद्यार्थ्यांना एकच सवय लावते: लांब शब्द दिसला की शेवटून वाचायला लागा. जर्मन जोडशब्दात इंजिन शेवटच्या डब्याला असतं. रेखनुंग्सआबग्रेन्त्सुंग्सपोस्टन बघून हातपाय गाळू नका. पोस्टन म्हणजे नोंद. कसली? आबग्रेन्त्सुंगची, सीमा आखण्याची. कशाची सीमा? हिशेबाची, या वर्षाचं कुठे संपतं आणि पुढच्याचं कुठे सुरू होतं त्याची. एवढं उलगडलं की पुढे "आक्टिव्ह" लागलंय की "पासिव्ह" ते बघा. आक्टिव्ह म्हणजे सक्रिय नव्हे, ताळेबंदाची मालमत्तेची बाजू. डिसेंबरात जानेवारीचं भाडं भरलं: आक्टिव्ह, म्हणून "प्रीपेड एक्स्पेन्सेस". डिसेंबरात जानेवारीचं भाडं मिळालं: पासिव्ह, म्हणून "डिफर्ड इन्कम". दोन्ही २० अक्षरांत बसतात, टी_कोड!

जोडशब्दांपेक्षा छोटे शब्द जास्त दगा देतात. आनलागे. आनलागेफरम्योगन म्हणजे स्थिर मालमत्ता. कापिटालआनलागे म्हणजे गुंतवणूक. आनलागन इम बाउ म्हणजे उभारणी चालू असलेली मालमत्ता. "झीहे आनलागे ३" म्हणजे सोबतचं परिशिष्ट ३ बघा. आणि आयकर विवरणपत्रातली आनलागे एन म्हणजे नोकरीच्या उत्पन्नाचं पुरवणी पत्रक. यंत्र एका पानावर पहिला अर्थ धरतं आणि शेवटपर्यंत सोडत नाही.

आनहांगचाही विचार करा. शब्दकोश सांगतो अपेंडिक्स. पण कंपनीच्या वार्षिक हिशेबांत आनहांग हा हिशेबांचा अविभाज्य भाग आहे, इंग्रजीत "नोट्स". अपेंडिक्स म्हटलं की वाचणारा ते पान नसलं तरी चालेल असं समजतो. उलट लागेबेरिष्ट, म्हणजे व्यवस्थापनाचा अहवाल, हा त्या हिशेबांबरोबर येतो पण त्यांचा भाग नाही, आणि छोट्या कंपन्यांना तो करावाही लागत नाही. छोट्या जीएमबीएचच्या कागदांत तो दिसला नाही म्हणून "मॅनेजमेंट रिपोर्ट मिसिंग" असा शेरा मारू नका.

मुळामुठा

अक्षरवेलताई, तुमचा हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे.

मला सगळ्यात जास्त झगडायला लावणारा शब्द आता मांडते: बिलान्त्सगेविन. याचं "बॅलन्स शीट प्रॉफिट" असं भाषांतर जर्मन कंपन्यांच्या स्वतःच्या इंग्रजी अहवालांतही दिसतं. इंग्रजीत त्याला काहीच अर्थ नाही. वाचक समजतो, झाला हाच वर्षाचा नफा.

समजा वर्षाचा नफा, यारेसउबरशुस, १,००,००० युरो. मागच्या वर्षांचा ओढून आणलेला तोटा ४०,०००. राखीव निधीत टाकले २०,०००. उरले ४०,०००. हा बिलान्त्सगेविन, म्हणजे वाटपाचा निर्णय घेण्यासाठी भागधारकांपुढे ठेवलेली रक्कम. आता १,००,००० आणि ४०,००० या दोन्हींच्या इंग्रजी नावात "प्रॉफिट" असेल आणि फरक सांगितलेला नसेल, तर कंपनी विकत घेणारा कोणत्या आकड्यावर किंमत लावेल? मी पहिल्याला "नेट प्रॉफिट फॉर द इयर" आणि दुसऱ्याला "अनअ‍ॅप्रोप्रिएटेड रिटेन्ड अर्निंग्ज" लिहिते.

खतावणी

"सरप्लस" का नाही? आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये "रिझर्व्ह्ज अँड सरप्लस" आहे. भारतीय पालक कंपनीला एकत्रित हिशेब करायचे असतात तेव्हा नेमक्या त्याच घरात हा आकडा बसतो.

नेकारकाठ

नको. यारेसउबरशुसमधल्या "उबरशुस"चंच शब्दशः इंग्रजी सरप्लस आहे, आणि तसं लिहिणारे लोक आहेत. मग वाचकाला कळणारच नाही की सरप्लस म्हणजे १,००,००० की ४०,०००.

खतावणी

हे मला माहीत नव्हतं. मग मुळामुठांचा शब्द राहू दे. भारतीय वाचकासाठी मात्र बाजूला समासात लिहा की एकत्रित करताना हा कुठे जाईल. आमचा अर्धा दिवस वाचतो.

टी_कोड

आकड्यांबद्दल कोणीच बोललं नाही. जर्मन १.२३४,५६ म्हणजे आपले एक हजार दोनशे चौतीस पूर्णांक छप्पन्न. साध्या मजकुराच्या (सीएसव्ही) रूपात आलेली फाईल भारतीय सेटिंगच्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडली तर १.२३४ हा सव्वाच्या आसपासचा आकडा होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. टीईयूआर म्हणजे हजार युरो. मिलियार्ड म्हणजे आपला एक अब्ज, इंग्रजीत बिलियन. आणि जर्मन "बिलिओन" म्हणजे इंग्रजी ट्रिलियन, आपले एक लाख कोटी. सरकारी कर्जाच्या बातम्या भाषांतरित करणाऱ्यांनी हे कपाळावर लिहून घ्यावं.

पहिलाच_हिवाळा

सगळ्यांचे आभार, पत्र आता ओळीओळीने कळलं. शेवटचा एक प्रश्न. मी काही महिन्यांपूर्वी घेतलेलं बिटकॉइन वर्षाच्या आत विकलं, नफा १,०५० युरो. अ‍ॅपच्या इंग्रजीत "एक्झेम्प्शन १,००० युरो" आहे. म्हणजे ५० युरोवरच कर ना?

नेकारकाठ

नाही. पूर्ण १,०५० वर. मूळ शब्द बघ, तिथे फ्रायग्रेन्त्स असणार. फ्रायबेट्राग आणि फ्रायग्रेन्त्स हे दोन वेगळे शब्द आहेत आणि इंग्रजीत दोन्हींचं "एक्झेम्प्शन" करून टाकतात. फ्रायबेट्राग तेवढा वजा होतो, उरलेल्यावर कर. उदाहरणार्थ एकट्याने धंदा करणाऱ्याला गेवेर्बश्टॉयरमध्ये २४,५०० युरोंचा फ्रायबेट्राग आहे. नफा ३०,००० असेल तर हिशेब ५,५०० वर. फ्रायग्रेन्त्स ही रेघ आहे. तुझ्या प्रकारच्या विक्रीत वर्षाचा एकूण नफा १,००० युरोंपेक्षा कमी असेल तर काहीच कर नाही, आणि १,००० झाला की पहिल्या युरोपासून सगळा करपात्र. २०२३ पर्यंत हीच रेघ ६०० ला होती. त्याच वर्षी अशा दुसऱ्या विक्रीत तोटा झाला असेल तर तो आधी वजा होतो, तेवढं तपास. पुढच्या वर्षी एखाद्या लोनश्टॉयरहिल्फफराइनचा सदस्य हो, नोकरदारांची विवरणपत्रं ते कमी पैशांत करून देतात. बिटकॉइनचं ते हाताळतात का हे आधी विचार, नाहीतर श्टॉयरबेराटर गाठ.

मुळामुठा

भाषांतर करणाऱ्यांसाठी भर: फ्रायबेट्रागला मी "अलाउन्स" लिहिते. फ्रायग्रेन्त्सला नुसतं "एक्झेम्प्शन लिमिट" पुरत नाही, कारण लिमिटच्या वरचा भागच करपात्र असं इंग्रजी वाचक धरून चालतो. "एक्झेम्प्शन थ्रेशोल्ड" आणि पुढे लगेच "इफ रीच्ड, द फुल अमाउंट इज टॅक्सेबल". मूळ जर्मन वाक्यात हे शब्द नसतात तरी मी घालते, चौकोनी कंसात, भाषांतरकाराची भर अशी खूण करून. एका ग्राहकाने ते काढून टाकायला सांगितलं होतं. मी वरचंच उदाहरण आकड्यांसकट लिहून पाठवलं आणि कंस राहिला.